शिवलकरांचं विरजण

“ही टाकी मेलेली आहे,” कारखान्याचे मॅनेजर देवस्थळी साहेब म्हणाले. “कुणी मारली तेही मला माहीत आहे. तुम्ही फक्त शास्त्रीय भाषेत लिहून द्यायचं.”

आम्ही टाकीच्या कठड्याला टेकून उभे होतो. टाकी वरून उघडी, एखाद्या लहान घराएवढी. आत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी उकळी फुटल्यागत हलत होतं. तळातून हवा सोडलेली होती. बुडबुडे वर येत, फुटत, आणि पाणी होतं तसंच गढूळ राही. अशा टाकीत एरवी तपकिरी गाळ फिरत असतो. तो गाळ म्हणजे जंतूच, कोट्यवधी. कारखान्याच्या सांडपाण्यातलं रक्त, खवले, चरबी खाऊन ते पाणी निवळ करतात आणि मग ते खाडीत सोडता येतं. इथे निवळ करणारं कुणी उरलं नव्हतं.

एमएस्सी होऊन मला वर्षही झालं नव्हतं. कोल्हापूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी पाणी तपासायच्या कामाला होते आणि एकटीने बाहेरगावी यायची ही पहिलीच वेळ. कारखाना रत्नागिरीपासून तासाभरावर, खाडीच्या काठाला. त्याचे दोन भाग होते. एका मोठ्या हॉलमध्ये मासळी मिठात खारवत, आणि शेजारच्या शेडमध्ये बायका कोळंबी सोलत. टाकी मेल्यापासून खारवणाचा हॉल बंद होता.

“शिमग्यात मेली,” साहेब म्हणाले. “आमचा ऑपरेटर यशवंत शिवलकर पालखी नाचवायला गावाला गेला, जाताना हवेचा ब्लोअर बंद करून गेला. हवा नाही, जंतू गुदमरले. परत आल्यावर चालू केला असेल. सोमवारी मालक मुंबईहून येतायत. तेवढं एक वाक्य तुमच्या रिपोर्टमध्ये आलं, की मला त्याला घरी पाठवता येईल.”

दहा पावलांवर एक पन्नाशीचा माणूस बादली विसळत होता. खाकी पँट, गळ्यात टॉवेल.

“त्यांना ऐकू जाईल,” मी म्हणाले.

“जाऊ दे. त्याला तोंडावरच सांगितलंय.”

साहेब गेल्यावर शिवलकर बादली घेऊन माझ्याजवळ आले.

“पाणी काढून देऊ?”

“द्या, काका. ब्लोअर खरंच बंद होता?”

“नाय.” त्यांनी दोरीला बांधलेली बादली टाकीत सोडली. “शिमग्यात रोज दोन टायमाला येऊन बघून जात होतो. गुलालाच्या अंगानं आलोय, बाय. गाव जवळ हाय.”

“कुणी बघितलं तुम्हांला?”

“शिमग्यात? गेटवरचा वॉचमन माझ्या पुढं नाचत होता.”

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. बादली वर ओढून त्यांनी माझ्या काचेच्या नळीत पाणी ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

“नोकरीचं मी बघीन. बोटीवर जाईन. पण गावात काय झालंय, खारवणातल्या बायका घरी बसल्यात. आणि जो तो म्हणतो, यशवंतानं पालखीच्या नादात टाकी मारली. पालखीच्या नादात. आता पुढल्या शिमग्याला मी खांदा द्यायला कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्ही लिहिलंत तर ते कायमचं लिहिलं जाईल.”

मी नळीला बूच लावलं.

पंपाच्या खोलीत टेबल मांडून मी सूक्ष्मदर्शक उघडला. थेंबात नुसते कण दिसत होते, धुरळ्यासारखे सुटे सुटे. गुदमरलेला गाळ काळा पडतो आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. हा काळा नव्हता. पण एकदा काळा पडलेला गाळही पुन्हा हवा मिळाली की काही तासांत तपकिरी होतो, त्यामुळे रंगावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. तुलना करायला जिवंत गाळ हवा होता.

“इथे जवळपास दुसरी कुणाची चालू टाकी आहे का?” मी शिवलकरांना विचारलं. “मूठभर चांगला गाळ मिळाला तरी चालेल.”

त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं.

“साहेबांना सांगायचं नाय. आवारात पिंप ठेवलेलं दिसलं की ते ओरडतात.”

पंपाच्या खोलीमागे, करवंदीच्या जाळीला लागून, गोणपाटाने झाकलेलं एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यांनी गोणपाट उचललं. आत दाट तपकिरी गाळ खळखळत होता आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास आला.

“हे काय आहे?”

“विरजण. दर वर्षी शिमग्याला जायच्या आधी टाकीतलं थोडं काढून ठेवतो. न जाणो काय झालं, तर घरात विरजण असलेलं बरं.”

मी त्यातला थेंब काचेवर घेतला. जंतूंचे भरदार पुंजके होते, आणि त्यांच्यामध्ये देठावर बसलेले घंटेच्या आकाराचे जीव. पाणी निरोगी असेल तरच ते राहतात. मध्येच त्यांचा देठ स्प्रिंगसारखा आखडायचा आणि मग सावकाश उलगडायचा. मी खुर्ची सोडली आणि शिवलकरांना बसायला सांगितलं. त्यांना डोळा लावायला थोडा वेळ लागला.

“हलतायत,” ते म्हणाले. “वीस वर्षं मी यांना वासावरनं ओळखतो. तोंड आज बघितलं.”

मी पुन्हा पिंपापाशी गेले. काठावरून एक पारदर्शक नळी आत गेली होती. तिच्यातूनच हवा येत होती.

“काका, ही नळी कुठून आणलीय?”

“ब्लोअरच्या मोठ्या पाइपाला भोक पाडून. साहेबांना तेही सांगायचं नाय.”

“दुसरा पंप नाही याला?”

“कुठनं असणार?”

मी नळी बोटांनी चाचपत भिंतीपर्यंत गेले. ती मोठ्या पाइपातूनच निघत होती, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पक्की केलेली.

“म्हणजे ब्लोअर बंद पडला असता, तर हे पिंपसुद्धा मेलं असतं.”

शिवलकरांनी गोणपाट पुन्हा पिंपावर ओढलं.

“पंधरा दिवस मी दुसरं काय सांगतोय,” ते म्हणाले.

देवस्थळी साहेबांना अखेर पिंप दाखवावंच लागलं. त्यांनी ते नीट पाहिलं, नळी पाहिली, आणि माझी अपेक्षा होती तसे ओरडले नाहीत.

“ही नळी शिमग्यानंतर जोडली नसेल कशावरून? आणि धरून चालू, ब्लोअर चालू होता. मग जंतू मेले कशाने? कारण द्या, मॅडम. नुसतं ‘याने नाही केलं’ एवढाच रिपोर्ट मी मालकांच्या पुढे ठेवू शकत नाही. मग मालक मला विचारतील, तूच सांग कुणी केलं.”

त्यांचं बरोबर होतं. मीही त्यांच्या जागी हेच विचारलं असतं.

“आणि हेही लक्षात घ्या,” ते पुढे म्हणाले, “या टाकीवरचं ओझं मी यंदाच निम्मं केलंय. कोळंबीच्या शेडचं पाणी भयंकर घाण. शिमग्याच्या महिनाभर आधी त्याचा पाइप फिरवून वेगळ्या हौदात सोडला. तिथून ते टँकरने जातं. आता टाकीला फक्त खारवणाचं पाणी. काम निम्म्यावर आलं, तरी टाकी मेली. दुर्लक्ष सोडून दुसरं काय कारण असणार?”

मी शिवलकरांना विचारलं, “परत आल्यावर तुम्ही पिंपातलं विरजण टाकीत घालून बघितलं नाही?”

“घातलं ना, अर्धं पिंप, बोअरच्या पाण्यात कालवून. तीन दिवसांत तेही मेलं.”

इथे मी खरी अडकले. एकच विरजण. हवा एकाच ब्लोअरची. पिंपात जगतं आणि टाकीत मरतं. मिठाचा फरक असेल म्हणून दोन्हींतला खारटपणा मोजला, तर पिंपातलं पाणी टाकीइतकंच खारट.

“पिंपाला खायला काय घालता?”

“खारवणाचंच पाणी. हॉल बंद व्हायच्या आधी दोन पिंपं भरून ठेवलंय. आणि रोज हमिदाआपाच्या शेडमधनं एक डबा.”

“कसला डबा?”

“सोलणीचं पाणी. घाण असतं, पण यांना आवडतं.”

कोळंबीच्या शेडमध्ये वीसेक बायका बर्फाच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. हमिदाआपा त्यांच्या मुकादम. जाडजूड, चष्मा दोरीने बांधलेला, हात कोपरापर्यंत ओले.

“तूच ती जंतूंची डॉक्टर? यशवंतला वाचवायला आलीस की लटकवायला?”

“अजून ठरलं नाही.”

“मग तोवर बस, कोळंबी सोल. आमच्याकडे रिकाम्या हाताला चहा मिळत नाही.”

मी दोन कोळंब्या सोलेपर्यंत शेजारच्या बाईच्या वीस झाल्या. माझ्या हातांकडे बघून सगळ्या हसत होत्या. शेडच्या पलीकडे खारवणाच्या हॉलचं बंद दार दिसत होतं आणि दाराच्या चौकटीला तारेने टांगलेला एक पत्र्याचा डबा.

“तो कशाला?”

“खोबरेल. मिठात हात घालायच्या आधी बोटं बुडवायची. नाहीतर मीठ हातातलं पाणी ओढून घेतं, कातडी फाटते. नवीन पोरी ऐकत नाहीत, दोन दिवसांत रडत येतात.”

चहाबरोबर त्यांनी पानात चार उकडलेल्या कोळंब्या ठेवल्या. मी पश्चिम महाराष्ट्रातली, आमच्या घरी मासे क्वचित. मी एक तोंडात टाकली.

“गोड आहे,” मी म्हणाले.

“ताजी आहे म्हणून गोड. खाऱ्या पाण्यात राहून बघ कशी गोड राहते ती.”

मी दुसरी उचलली आणि तशीच हातात धरून बसले. कॉलेजातला एक तास मला आठवला. दुपारची वेळ, अर्धा वर्ग पेंगत होता. बाई फळ्याकडे पाठ करून सांगत होत्या, की खाऱ्या पाण्यात सापडलेल्या जंतूचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे तहान. बाहेरचं मीठ आतलं पाणी ओढून घेतं आणि तो मीठ लावलेल्या कारल्यासारखा आकसतो. वाचायचं तर त्याने स्वतःच्या आत असं काहीतरी साठवायला हवं, जे पाणी धरून ठेवील पण कामात ढवळाढवळ करणार नाही. हा पदार्थ तो स्वतः बनवू शकतो, पण ते जड काम आहे, सगळ्यांना जमत नाही. म्हणून खारटपणा वाढला की तो आपली विशिष्ट दारं उघडतो आणि बाहेर कुठे असा पदार्थ तयार मिळाला तर तो आत ओढून घेतो. यातला सगळ्यात चांगला पदार्थ म्हणजे बीटेन. आधी बीटच्या कंदात सापडला म्हणून हे नाव. आणि समुद्रातले कवचाचे जीव त्याने भरलेले असतात, कारण त्यांच्यापुढेही तेच संकट. कोळंबीच्या गोडीत त्याचाही वाटा असतो.

“आपा,” मी म्हणाले, “तुमचं सोलणीचं पाणी पूर्वी कुठे जायचं?”

“शिवलकरच्या टाकीत. साहेबांनी पाइप फिरवला ना. का गं, चव बिघडली?”

मी अर्धा चहा तसाच ठेवून पळाले. मागून त्या म्हणाल्या, “बघा, कोळंबी सोलायची वेळ आली की सगळे असेच.”

संध्याकाळी मी देवस्थळी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“पाइप मी शिमग्याच्या महिनाभर आधी फिरवला. महिनाभर टाकी ठणठणीत होती. तो महिना त्यांनी कशावर काढला?”

खोलीवर जाऊन मी पुन्हा पुन्हा तेच घोळवत राहिले. साठा आत होता म्हणावं, तर तो शिमग्यातच अचानक का संपावा? शिमग्यात काय घडलं? कारखाना बंद होता. बंद कारखान्यात काय करतात?

सकाळी मी शिवलकरांना गाठलं.

“शिमग्यात टाकीत काय पाणी येतं?”

“धुण्याचं. दर वर्षी सुट्टीत हॉल धुऊन घेतात. बोअरचं पाणी, चार दिवस पाइप चालू. टाकी पार गोडी होते.”

“आणि मग?”

“मग हॉल चालू, की परत खारट.”

मला उत्तर मिळालं होतं, पण मागच्या वेळेसारखी पळत सुटले नाही. आधी करून बघायचं ठरवलं. कॅन्टीनमधून लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या आणल्या. शिवलकर मोटारसायकलवरून रत्नागिरीला गेले आणि माशांच्या टाक्यांचे छोटे हवेचे पंप घेऊन आले. शिवाय, कोळंबीच्या तळ्यांना खाद्य विकणाऱ्या दुकानातून बीटेनची पुडी. खाद्यात घालायला ती भुकटी सर्रास मिळते.

चारही बरण्यांत पिंपातलं विरजण घातलं. पहिल्या बरणीतलं तसंच ठेवलं. बाकी तीन बरण्यांतलं आधी बोअरच्या गोड्या पाण्याने धुतलं. मग चारही बरण्यांत खारवणाचं पाणी ओतलं. दुसऱ्या बरणीत आणखी काही नाही. तिसरीत गूळ, म्हणजे नुसत्या खाण्याने भागतं का ते कळावं. चौथीत चिमूटभर बीटेन.

“याला काही झालं नाही तर?” शिवलकरांनी विचारलं.

“तर मला माहीत नाही असं लिहीन. तुम्ही केलं असं लिहिणार नाही.”

ते मान हलवून बरण्यांच्या शेजारी बसले. रविवारची सुट्टी होती, तरी ते घरी गेले नाहीत.

सोमवारी सकाळी मालक यायच्या आधी आम्ही तिघं पंपाच्या खोलीत जमलो. मी चारही पंप बंद केले. गाळ खाली बसतो का, ते बघायचं होतं. पहिल्या बरणीतला गाळ सावकाश खाली उतरला, वर पाणी निवळ झालं. दुसरी पांढुरकी राहिली, टाकीसारखी. गुळाची बरणी तशीच गढूळ, वर फेस. आणि चौथीत, आधी ढग, मग पुंजके, मग कडेने उतरत जाणारी एक रेघ. तिच्या वर काचेतून पलीकडची भिंत दिसायला लागली.

देवस्थळी साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“सांगा आता,” ते म्हणाले.

“खारवणाच्या दारात तेलाचा डबा आहे ना, तसं समजा. कोळंबीचं पाणी हा या जंतूंचा तेलाचा डबा. पाइप फिरवला तेव्हा डबा गेला, पण हाताला तेल होतं. त्यांनी आतला साठा जपून महिना काढला. मग शिमग्याचं धुणं आलं. गोडं पाणी आलं की या जंतूंना आतला साठा क्षणात बाहेर टाकावा लागतो, नाहीतर ते फुगून फुटतील. म्हणजे साबणाने हात धुतल्यासारखं झालं. दर वर्षी होतं ते. पण दर वर्षी हॉल चालू झाला की मिठाबरोबर कोळंबीचं पाणीही यायचं, आणि ते पुन्हा भरून घ्यायचे. यंदा मीठ आलं आणि दारात डबा नव्हता. पिंप वाचलं, कारण काकांनी त्याला धुतलं नाही आणि रोज डबा दिला; टाकीत घातलेलं अर्धं मात्र बोअरच्या पाण्यात कालवताना धुतलं गेलं.”

साहेब चौथ्या बरणीकडे बघत होते.

“म्हणजे मी मारली.”

“रिपोर्टमध्ये माणसाचं नाव नाही,” मी म्हणाले. “पाइपचं आहे. घाण पाणी कमी केलं तर टाकी सुधारते असंच आम्हांलाही शिकवतात. मीही तेच केलं असतं.”

ते म्हणाले, “पाना कुठे आहे?”

शिवलकरांनी पाना आणून दिला. साहेब शर्टाच्या बाह्या दुमडून शेडमागच्या नाल्यात उतरले आणि त्यांनी स्वतः पाइप सोडवायला घेतला. आतलं पाणी अंगावर उडालं. हमिदाआपा शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, आज तुम्ही नाल्यात?”

“तुमचं पाणी परत टाकीला देतोय.”

“मग आधी घेतलंत कशाला?”

सगळ्या बायका हसल्या. साहेबही, थोडे उशिरा. पाइप टाकीकडे वळला, गुलाबी पाणी आत पडायला लागलं. उरलेलं विरजण शिवलकरांनी डब्याडब्याने टाकीत ओतलं. थोडं पिंपात ठेवलं.

वर येऊन हात धुताना साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “यशवंत, ते पिंप उन्हात आहे. शेडखाली घे.”

“होय साहेब,” शिवलकर म्हणाले. टॉवेलने तोंड पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मालकांनी रिपोर्ट वाचला, बरण्या बघितल्या आणि कोळंबीचं कालवण जेवून मुंबईला गेले. खारवणाचा हॉल चालू व्हायला आणखी काही आठवडे लागले. मीठ हळूहळू वाढवायचं होतं. तोपर्यंत मी कोल्हापूरला परतले होते. त्या चार बरण्यांनी पुढे मला पुन्हा विद्यापीठात नेलं. गेली सहा वर्षं मी जंतूंची ती दारंच मोजते आहे, किती उघडतात, किती वेळ. पण ते नंतरचं.

पुढच्या मार्चमध्ये एक फोन आला. आधी नुसते ढोल ऐकू आले, मग गर्दी, मग कुणाचं तरी ओरडणं.

“बाय, ऐकू येतंय का?”

“काका? कुठे आहात?”

“खांद्यावर होती ना पालखी. आताच दुसऱ्यानं घेतली. आमच्या दारात येतेय.”

“आणि टाकी?”

“धुणं चालू हाय हॉलात. पण मीठ आलं की पाजायला तिचा डबा तयार ठेवून आलोय. आपांनी पिंप भरून सोलणी दिली, म्हणाल्या, तुझ्या टाकीतल्या पोरांना शिमगा. परवा मीठ येऊ दे की आता.”

त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण कुणीतरी त्यांना हाक मारली, यशवंता, चल, खांदा दे. फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बहुतेक तसाच खिशात टाकला. मीही बंद केला नाही. प्रयोगशाळेत टेबलाशी बसून बराच वेळ ढोल ऐकत राहिले.